टेकडीवरचे हरकतदार

“ज्याला स्वतःचें घर आहे त्यानें दुसऱ्याचें घर होऊं नये म्हणून सरकारदरबारीं अर्ज करीत बसावें, यासारखें ढोंग दुसरें नाहीं,” असें आमचे एक अर्थशास्त्रज्ञ मित्र परवां एका व्याख्यानांत म्हणाले, आणि सभागृहानें टाळ्या वाजविल्या. विषय होता पुण्याच्या टेकड्या व त्यांवरील बांधकामबंदी. टाळ्या वाजविणारांत तरुण मंडळी पुष्कळ होती. मिळकतीचा मोठा हिस्सा घरभाड्यांत किंवा कर्जाच्या हप्त्यांत घालविणारी ती मंडळी. त्यांच्या टाळ्यांत जो राग होता तो आम्हांस मुळींच खोटा वाटला नाहीं. परंतु राग खरा असला म्हणजे तो योग्य माणसावरच निघतो असें नाहीं. आमच्या मित्रानें त्या तरुणांचा राग भलत्याच माणसावर काढविला, असें आमचें म्हणणें आहे. आणि तें आम्हीं व्याख्यानानंतर चहाच्या वेळीं त्यांना सांगितलेंहि. त्यांनीं तें हसण्यावारी नेलें, म्हणून येथें सविस्तर मांडणें भाग पडत आहे.

प्रथम आमची स्वतःची जागा सांगून टाकलेली बरी. आम्ही शहराच्या पश्चिम भागांत, टेकडीच्या पायथ्याशीं, एका सहकारी गृहरचना संस्थेंत राहतों. आमची इमारत जेथें उभी आहे तेथें पूर्वीं ज्वारीचें शेत होतें. त्या शेताच्या बांधावरची एक चिंच अद्याप आमच्या आवारांत आहे, आणि तिच्या सावलींत मोटार कोणीं उभी करावी यावरून दर महिन्यास भांडण होतें. आम्ही येथें राहावयास आलों तेव्हां कोणी आमच्याविरुद्ध हरकत घेतली असती, तर तिला आम्हीं काय उत्तर दिलें असतें, हा प्रश्न आम्हीं स्वतःस अनेकदां विचारला आहे व त्याचें समाधानकारक उत्तर आम्हांस अद्याप सुचलेलें नाहीं. रोज पहांटे आम्ही टेकडीवर फिरावयास जातों. टेकडीवरील बांधकामाविरुद्ध आम्हीं दोनदां लेखी हरकत घेतली आहे. तेव्हां मित्राचा बाण कोणकोणास लागला हें सभागृहास ठाऊक नसलें, तरी आम्हांस ठाऊक होतें.

त्या बाणांत लोखंड नव्हतें असें आम्ही म्हणत नाहीं. हरकतदारांचे अर्ज आम्हीं पुष्कळ वाचले आहेत. कांहींचा मसुदा तर आमच्याच टेबलावर झाला आहे. त्यांतील कांहीं वाचून मान खालीं घालावी असे असतात. कोणास आपल्या सज्जांतून दिसणारा देखावा जाईल याचें दुःख असतें. कोणास आपल्या सदनिकेचा भाव उतरेल अशी धास्ती असते. आणि कोणी, शेजारीं लहान घरांची वसाहत होणार असें ऐकतांच, “परिसराचें वातावरण बिघडेल” असें सभ्य भाषेंत लिहितो; त्याचा असभ्य अर्थ काय तो सर्वांना समजतो. हाच गृहस्थ त्याच उतारावर एखादा क्रीडामंडळाचा बंगला उठला तर सभासदत्वाची वर्गणी किती, एवढेंच विचारून गप्प बसतो. अशा हरकतदाराची वकिली करण्याची आमची इच्छा नाहीं. परंतु कांहीं हरकतदार ढोंगी आहेत यावरून हरकत खोटी ठरते काय? न्यायासनापुढें येणारा प्रत्येक वादी सज्जन असलाच पाहिजे असा नियम केला, तर न्यायासनांस कुलुपें लावावीं लागतील.

हिरवा पट्टा ही कल्पना मूळ विलायतेची, आणि तिचा इतिहास पाहिल्यावांचून हा वाद नीट उलगडत नाहीं. एबेनेझर हॉवर्ड नांवाच्या एका लघुलेखकानें १८९८ सालीं एक लहानसें पुस्तक प्रसिद्ध केलें. लंडनच्या गर्दीवर त्यानें सुचविलेला उपाय असा : ६,००० एकर जमीन घ्यावी, त्यांतील १,००० एकरांवर सुमारें ३०,००० वस्तीचें नगर वसवावें, आणि उरलेल्या ५,००० एकरांवर शेती, बागा व कुरणें कायम ठेवावीं. नगर भरलें म्हणजे त्यानें हा पट्टा खाऊं नये. पट्ट्यापलीकडे दुसरें नगर वसवावें. पुस्तकाचें इतकें सार नगररचनेच्या प्रत्येक विद्यार्थ्यास पाठ असतें. परंतु हॉवर्डच्या योजनेचा पाया हिरवळ हा नव्हताच. सर्व जमीन नगराच्या समाईक मालकीची असावी, आणि वस्ती वाढल्यामुळें तिची जी किंमत वाढेल ती कोणा एका मालकाच्या खिशांत न जातां नगराच्याच कामीं यावी, हा तिचा पाया होता. हिरवा पट्टा हें त्या झाडाचें पान. मूळ तें नव्हे.

पुढें इंग्रजांनीं पान ठेवलें व मूळ उपटलें. १९३८ सालीं लंडनच्या हिरव्या पट्ट्याचा कायदा झाला. १९४७ च्या नगररचनेच्या कायद्यानें बांधकामाचा हक्क जमिनीच्या मालकीपासून अलग केला, आणि परवानगीमुळें जमिनीची जी किंमत वाढेल तिच्यावर संपूर्ण आकार बसविला. सहा वर्षांतच नव्या सरकारनें हा आकार रद्द केला; पट्टा मात्र राहिला. आज इंग्लंडच्या भूमीचा सुमारें आठवा हिस्सा अशा पट्ट्यांखालीं आहे. पट्ट्याच्या आंत ज्याचें घर होतें त्याचें घर महाग होत गेलें, ज्याचें नव्हतें त्यास तें दुर्मिळ झालें, आणि डिसेंबर २०२४ मध्यें तेथील सरकारनें पट्ट्यांतील कमी मोलाच्या जमिनींस ‘करडा पट्टा’ असें नवें नांव देऊन तेथें घरांस वाट करून दिली. आमच्या मित्रानें आपलें व्याख्यान लंडनजवळच्या एखाद्या सुखवस्तु खेड्यांत दिलें असतें, तर त्यांतील निम्में आम्हीं बिनतक्रार मान्य केलें असतें. पण तें दिलें पुण्यांत. विलायतेंतील वादाचीं दोन्ही पात्रें जशींच्या तशीं उचलून येथल्या रंगभूमीवर उभीं करावयाचीं, आणि येथला शेतकरी, येथला ओढा, येथली झोपडपट्टी यांस पडद्याआड ठेवावयाचें, ही इंग्रजी शिकलेल्या माणसाची जुनी खोड आहे. ती आम्हांलाहि आहे, म्हणून ओळखूं येते. पॅट्रिक गेडीस हा स्कॉटिश पंडित १९१९ पासून १९२४ पर्यंत मुंबई विद्यापीठांत समाजशास्त्र शिकवीत होता. आधीं गांव पायीं फिरून पाहावें, तेथल्या माणसांस विचारावें, आणि मग नकाशास हात घालावा, असा त्याचा कटाक्ष असे. आपण त्याचेंच ऐकूं व जरा पायीं फिरूं.

पुण्याच्या भोंवतीं व पोटांत टेकड्या आहेत. पर्वती, तळजाई, चतुःशृंगी, हनुमान टेकडी, वेताळ टेकडी, बाणेर-पाषाणची रांग, आणि दक्षिणेस कात्रजचा डोंगर. अठराव्या शतकाच्या मध्यास नानासाहेब पेशव्यांच्या कारकीर्दींत कात्रजला तलाव बांधून तेथलें पाणी भुयारी नळानें शनिवारवाड्यापर्यंत आणलें, हें पुणेकर मोठ्या अभिमानानें सांगतात. म्हणजे डोंगर हें शहराचें पाण्याचें भांडें आहे ही गोष्ट समजण्यास आपणांस विलायती ग्रंथांची गरज नव्हती. काळ्या कातळाच्या भेगांतून पावसाचें पाणी मुरतें व खालच्या विहिरींत उतरतें. वरच्या अंगास कातळ फोडून तळघरें केलीं व उरलेल्या जागेवर फरशी घातली, कीं तेंच पाणी मुरावयाचें सोडून धांवावयास लागतें. मग पावसाळ्यांत ओढ्याच्या कांठचे लोक बुडतात, आणि उन्हाळ्यांत टेकडीच्या पायथ्याचे लोक टँकरची वाट पाहतात. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्रीं कात्रजच्या बाजूनें उतरणाऱ्या आंबिल ओढ्यानें काय केलें तें पुणें विसरलेलें नाहीं. शहरांत व आसपास मिळून वीसहून अधिक माणसें त्या पावसांत दगावलीं. ओढ्याची वाट कोठें बुजली, पात्रांत राडारोडा कोणीं टाकला, वरचे उतार कोणीं कापले, याच्या चर्चा पुढें पुष्कळ झाल्या. आम्हांस येथें एवढेंच दाखवावयाचें आहे कीं, त्या रात्रीं बुडालेल्या घरांतील बहुतेकांनीं टेकडीचा ‘देखावा’ विकत घेतलेला नव्हता. टेकडी वांचविणें ही चैन असेल, तर त्या चैनीचा उपभोग घेणारे हेच लोक होत.

कायद्यानें या टेकड्यांस दोन प्रकारचें संरक्षण दिलें. जुन्या हद्दींतील टेकड्यांचे माथे व उतार १९८७ सालच्या विकासयोजनेंत स्वतंत्र विभाग म्हणून दाखविले गेले. १९९७ सालीं जीं गांवें शहरांत आलीं व त्यांपैकीं पुढें जीं २३ टिकलीं, त्यांच्या हद्दींतील ९७८ हेक्टर टेकड्यांवर जैवविविधता उद्यानाचें आरक्षण पडलें. या आरक्षणावर दहा-बारा वर्षें भवति न भवति होऊन अखेर २०१५ सालीं शासनानें तें कायम केलें. बरें, झालें तें झालें, असें म्हणून कोणी स्वस्थ बसला काय? नाहीं. टेकडीवर थोड्या प्रमाणांत बांधकाम करूं द्यावें ही मागणी त्या बारा वर्षांतहि होती, नंतरहि राहिली, आणि २०२५ सालीं शासनानें या सर्व प्रश्नाचा फिरून विचार करण्याकरितां एक अभ्यासगट नेमला. म्हणजे ज्या गोष्टीचा निकाल लागला असें आपण समजतों ती बारा-पंधरा वर्षांनीं फिरून पटावर येते. बांधकामास एकदां परवानगी मिळाली तर मात्र ती गोष्ट फिरून पटावर येत नाहीं, कारण पटच उरत नाहीं. हरकतदारास शंभरदां जिंकावें लागतें. प्रतिपक्षास एकदांच जिंकणें पुरतें.

आतां आमच्या मित्राचा मुख्य मुद्दा घेऊं : बांधकामबंदीमुळें गरिबांस घर मिळत नाहीं. हा मुद्दा ऐकतांच मनुष्य गप्प होतो, म्हणूनच तो वापरला जातो. शहरी घरांच्या टंचाईचा अंदाज करण्याकरितां केंद्र शासनानें नेमलेल्या तज्ज्ञगटानें २०१२ सालीं देशांत सुमारें १ कोटी ८८ लक्ष घरांची उणीव दाखविली. त्या उणिवेंतील शेंकडा ९५ हून अधिक घरें दुर्बल व अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांकरितां हवीं होतीं. आणि त्याच सुमाराच्या, म्हणजे २०११ च्या, जनगणनेंत शहरांतून सुमारें १ कोटी ११ लक्ष घरें कुलुपें लावून रिकामीं पडलेलीं आढळलीं. हे दोन आंकडे शेजारीं ठेवून आमच्या अर्थशास्त्रज्ञ मित्रानें त्यांतून काय निष्कर्ष काढावा? घर नाहीं म्हणून कुटुंब उघड्यावर आहे हें जितकें खरें, तितकेंच घर आहे पण तें त्या कुटुंबासाठीं बांधलेलें नाहीं हेंहि खरें. टेकडीच्या उतारावर, पायथ्याशीं शहराचे दिवे दिसतील अशा जागीं, जीं घरें उठतील त्यांच्या जाहिराती कशा असतील हें सांगावयास ज्योतिषी नको. आणि टेकडीवर गरीब राहतच नाहीं काय? पर्वतीच्या उतारावरील जनता वसाहत जाऊन पाहावी. तो कोणाच्या परवानगीची वाट पाहत बसला नाहीं. त्याला कोठेंच जागा नव्हती म्हणून तो चढावर गेला. त्याच्या नांवानें उतार मोकळा करावयाचा, आणि मोकळा झाल्यावर त्यालाच तेथून हलवावयाचें, हा व्यवहार परोपकाराच्या कोणत्या शाखेंत मोडतो हें आम्हांस कळत नाहीं.

टेकडीखेरीज, शहराबाहेरच्या सपाट जमिनीवर जो हिरवा रंग नकाशांत असतो त्याचीहि कथा ऐकण्याजोगी आहे. नकाशांत शेती हिरवी असते व वस्ती पिवळी. शेती विभागांत सामान्य शेतकऱ्यास स्वतःच्या घराखेरीज फारसें बांधतां येत नाहीं. परंतु २००५ सालीं शासनानें विशेष नगरवसाहतींचे नियम केले, आणि ज्याच्याजवळ सलग ४० हेक्टर जमीन असेल त्यास हिरव्या विभागांतहि नगर उठवितां येऊं लागलें. महाराष्ट्रांतील शेतकऱ्याची सरासरी जमीन २०१५-१६ च्या कृषिगणनेप्रमाणें १.३४ हेक्टर आहे. तेव्हां ४० हेक्टर सलग जमीन कोणाजवळ असूं शकेल याचा हिशेब वाचकांनींच करावा. ज्याच्याजवळ दीड हेक्टर आहे त्याला हा रंग पक्का; ज्यानें पंचवीस-तीस जणांची जमीन एकत्र केली त्याला तोच रंग कच्चा, हात लावतांच निघणारा! मगरपट्ट्याच्या शेतकऱ्यांनीं स्वतःच एकत्र येऊन आपल्या सुमारें ४०० एकरांवर नगर वसविलें व त्याचा लाभ आपल्या हातीं ठेवला, हें उदाहरण आमच्या मित्रानें व्याख्यानांत दिलें होतें. तें खरें आहे व अभिनंदनीय आहे. पण अशीं उदाहरणें बोटांवर मोजण्याइतकीं कां, हें त्यांनीं सांगितलें नाहीं.

आणि “हरकतदार म्हणजे सुखवस्तु फिरावयास जाणारा” ही जी व्याख्या त्यांनीं गृहीत धरली, ती वसईच्या वाऱ्यावरहि टिकत नाहीं. वसईचा पट्टा म्हणजे केळी, पानवेली, फुलें व भाजीपाला यांची बागाईत. तेथल्या बाया पहांटेच्या गाडीनें टोपल्या घेऊन मुंबईस येत, आणि वसईचीं सुकेळीं मुंबईच्या बाजारांत नांवानें विकलीं जात. १९८८ च्या सुमारास तेथला हिरवा विभाग मोठ्या प्रमाणावर बांधकामास खुला झाला. तेव्हां हरकत कोणीं घेतली? देखाव्याच्या सज्जांत बसणारांनीं नव्हे. वाडवळ व सामवेदी बागाईतदारांनीं. म्हणजे त्याच लोकांनीं, ज्यांनीं आपली वाडी विकली असती तर जन्माचें दारिद्र्य फिटलें असतें. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखालीं हरित वसई संरक्षण समितीनें जो लढा दिला त्यांत हिंदु व ख्रिस्ती दोन्ही समाज होते. मराठी वाचकांस दिब्रिटो ‘सुवार्ता’चे संपादक व २०२० च्या उस्मानाबाद येथील साहित्यसंमेलनाचे अध्यक्ष म्हणून ठाऊक आहेत; पण वसईकरांनीं त्यांना प्रथम मानलें तें या हरकतीकरितां. विहिरींतील गोडें पाणी टँकरनें बाहेर विकलें जात होतें, आणि उपसा फार झाला कीं समुद्राचें खारें पाणी आंत शिरतें हें बागाईतदारास पुस्तकांतून शिकावें लागत नाहीं. केळीचें पान करपलें कीं त्याला कळतें. जुलै २०१८ मध्यें वसई-नालासोपारा भागांत पाणी तुंबून आगगाड्या अडकल्या व मिठागरांतील माणसें सोडवून आणावीं लागलीं, तेव्हां तीस वर्षांपूर्वींचे ते अर्ज कोणी काढून वाचले असते तर बरें झालें असतें. वसईचा लढा पुरता जिंकला असें म्हणवत नाहीं. पण तो ढोंग होता असें म्हणण्याचें धाडस आमच्या मित्रानें निर्मळच्या जत्रेंत उभें राहून करून दाखवावें.

हरकतीचें पुढें काय होतें, हा या विषयाचा सर्वांत उपेक्षित भाग. १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमानें कोणत्याहि नागरिकास योजनेच्या मसुद्यावर हरकत घेण्याचा अधिकार दिला. हरकती ऐकण्याकरितां एक नियोजन समिती असते : स्थायी समितीचे तीन सभासद व शासनानें नेमलेले फार तर चार जाणकार. २०१३ सालीं पुण्याच्या जुन्या हद्दीच्या योजनेवर सुमारें ८७,००० हरकती व सूचना आल्या. प्रत्येक हरकतीस तीन मिनिटें द्यावयाचीं म्हटलें, तर दररोज सहा तास बसून, एकहि सुटी न घेतां, सातशें पंचवीस दिवस लागतात. कायदा इतके दिवस देत नाहीं. तेव्हां हरकती ऐकल्या जातात म्हणजे काय होतें, हें गणितानेंच सिद्ध आहे. त्या योजनेचें काम मुदतींत पुरें झालें नाहीं म्हणून २०१५ सालीं शासनानें ती आपल्या हातीं घेतली व जानेवारी २०१७ मध्यें मंजूर केली. मंजूर झालेल्या योजनेंतहि पुढें फेरफार करतां येतो. मात्र तो योजनेचें मूळ स्वरूप बदलणारा नसावा, आणि त्यावर लोकांस एक महिना हरकतीस मिळतो. ‘मूळ स्वरूप’ या दोन शब्दांत किती मोठे डोंगर मावतात हें पाहून, भाषेचे अध्यापक म्हणून, आम्हांस वेळोवेळीं आश्चर्य वाटलें आहे.

अशा एका सुनावणीस आम्ही स्वतः गेलों होतों. कचेरीचें नांव सांगण्याचें कारण नाहीं; इतरत्र याहून निराळें चालतें असा आमचा अनुभव नाहीं. सकाळीं अकराची वेळ दिली होती. बाहेरच्या बाकावर आमच्या शेजारीं साठीचे एक शेतकरी गृहस्थ बसले होते; पांढरी टोपी, मांडीवर प्लॅस्टिकच्या पिशवींत सात-बाराचे उतारे. गप्पा निघाल्या. आम्ही कशाकरितां आलों हें त्यांनीं विचारलें, आम्हीं सांगितलें. ते थोडा वेळ कांहीं बोलले नाहींत. मग म्हणाले, “सर, तुम्ही रोज सकाळी फिरायला जाता ना, ती वाट आमच्या जमिनीतून जाते.”

आम्हांस काय बोलावें तें सुचेना. त्यांची चार एकर जमीन उतारावर, आरक्षणांत. पूर्वीं तेथें नाचणी, वरई होत असे व गुरें चरत. आरक्षण पडल्यापासून ती विकतां येत नाहीं, तीवर कर्ज मिळत नाहीं, आणि मोबदला म्हणून जो देऊं केला आहे तो जमिनीच्या क्षेत्राच्या शेंकडा आठ इतका हस्तांतरणीय बांधकामहक्क. म्हणजे चाळीस गुंठ्यांस सव्वातीन गुंठेहि नव्हे. रस्त्याकरितां किंवा शाळेकरितां जमीन गेली असती तर क्षेत्राइतका किंवा त्याहून अधिक हक्क मिळाला असता. त्यांच्या भावकींतील एकानें त्याच गांवच्या सपाट जमिनीवर इमारतदाराशीं भागीदारी करून दोन मुलांचे संसार थाटले. एकाच बापजाद्याची जमीन. नकाशावरची एक रेघ या भावाच्या शेतावरून गेली व त्या भावाच्या शेतावरून गेली नाहीं. “टेकडी राहावी असं मलाही वाटतं,” ते म्हणाले. “पण ती माझ्या एकट्याच्या पैशानं का राहावी?”

या प्रश्नास आम्ही हरकतदारांनीं आजवर उत्तर दिलेलें नाहीं, आणि तें दिल्यावांचून आमच्या हरकतीस नैतिक बळ येणार नाहीं, हें आम्ही आमच्या पक्षास स्पष्ट सांगूं इच्छितों. आमचे मित्र चुकले ते हरकतदारास ढोंगी म्हणण्यांत नव्हे. ढोंग कशांत आहे हें ओळखण्यांत. आमचें ढोंग दुसऱ्यास घर नाकारण्यांत नाहीं. तें टेकडीची किंमत न देतां टेकडी वापरण्यांत आहे. टेकडी मोकळी राहिली म्हणून पायथ्याच्या सदनिकांचे भाव चढले. त्यांत आमची सदनिकाहि आली. सपाटीवरच्या शेतास पिवळा रंग मिळाला म्हणून त्याची किंमत एका सहीनें अनेकपट झाली. ही जी न कमावलेली वाढ, तिचा वाजवी हिस्सा नगरानें वसूल करावा व त्यांतून उतारावरच्या मालकास त्याच्या जमिनीचा पुरा मोबदला द्यावा. हॉवर्डची जी अर्धी कल्पना बोटींतून उतरलीच नाहीं ती हीच. ती अव्यवहार्य आहे, असें आम्हांस सांगण्यांत येईल. कायद्याचें कलम १२७ असें आहे कीं, आरक्षित जमीन दहा वर्षांत नगरानें घेतली नाहीं तर मालकानें नोटीस द्यावी, आणि तीनंतरच्या मुदतींतहि घेतली गेली नाहीं तर आरक्षण उठतें. या कलमाच्या दारांतून किती बागा, किती मैदानें निघून गेलीं! पैसा नाहीं म्हणून मालकास द्यावयाचें नाहीं, दिलें नाहीं म्हणून आरक्षण उठावयाचें, आणि उठलें म्हणून इमारत उभी राहावयाची, हेंच व्यवहार्य असेल, तर टेकडीचें भवितव्य लिहिलेलेंच आहे. आमच्या संस्थेच्या वार्षिक सभेंत आम्हीं एक ठराव मांडला होता कीं, टेकडीच्या मालकांस मोबदला देण्याकरितां पायथ्याच्या मिळकतींवर स्वतंत्र उपकर बसविण्यास आमची संमति आहे, असें नगरास कळवावें. ठरावास अनुमोदन मिळालें नाहीं. त्याच सभेंत टेकडी वांचविण्याच्या मोर्चाकरितां टोप्या छापण्याचा खर्च एकमतानें मंजूर झाला.

सुनावणीचें राहिलें. एकच्या सुमारास शिपायानें क्रमांक पुकारले. त्या शेतकरी गृहस्थांचा व आमचा क्रमांक एकाच दमांत पुकारला गेला. आम्हीं चौकशी केली तेव्हां समजलें कीं, एकाच टेकडीसंबंधीं आलेल्या हरकती ‘समान आशयाच्या’ म्हणून एकत्र बांधल्या आहेत. आंत गेलों. ते आरक्षण उठवावें म्हणत होते, आम्ही तें राखावें म्हणत होतों. दोघांस मिळून पांच मिनिटें मिळालीं. त्यांनीं आपले उतारे दाखविले. आम्हीं आमचा टाइप केलेला कागद वाचावयास घेतला, तो दुसऱ्या परिच्छेदावर थांबविण्यांत आला. लेखनिकानें दोन्ही नांवांपुढें एकच ओळ लिहिली : ‘म्हणणें ऐकलें, नोंद घेतली.’

बाहेर आल्यावर कोपऱ्यावरच्या टपरीवर दोघांनीं चहा घेतला. पैसे त्यांनीं दिले. आम्हांस देऊं दिले नाहींत. निघतांना त्यांनीं विचारलें, “उद्या सकाळी याल ना टेकडीवर?” आम्हीं होय म्हटलें. “मग वरच्या टाक्यापाशी जरा थांबा,” ते म्हणाले, “आमची हद्द कुठून कुठं ती तुम्हाला दाखवतो.”